दिंडोरीच्या द्राक्षांच्या वाटेने : जगात अवश्य पाहावीत अशी काही स्थळे

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात दिंडोरी येथे केलेले भाषण)



संस्थेच्या चिटणीसांनी मला विषय दिला तो असा : "तुम्ही पस्तीस वर्षे जहाजावर काढली, जग पाहिले. जगात अवश्य पाहावीत अशी ठिकाणे आमच्या मुलांना सांगा." विषय गोड आहे. परंतु आरंभीच सांगतो की, मी काही हौशी प्रवासी नव्हे. मी मालवाहू जहाजावर विजेचा अधिकारी होतो. १९८६ साली नोकरीला लागलो आणि २०२१ साली निवृत्त झालो. हौशी प्रवासी खिशातले पैसे खर्चून जग पाहतो. आम्हांला जग दिसले ते पोटापाण्याच्या निमित्ताने. जहाज धक्क्याला लागले की कधी सहा तास मोकळे मिळत, कधी दुरुस्तीसाठी मुक्काम पडला तर दहा-बारा दिवस. तेव्हा माझी यादी लहान आहे. जे मी पाहिले नाही त्याचे वर्णन मी करणार नाही.

ही यादी सांगण्यासाठी मी एक वाट निवडली आहे. ती वाट आपल्या दिंडोरीच्या द्राक्षांची. दरवर्षी हंगामात आपल्या तालुक्यातली द्राक्षे शीतपेट्यांत भरली जातात आणि न्हावा शेवा बंदरातून युरोपला रवाना होतात. एका वर्षी अशा पेट्या आमच्याच जहाजावर चढल्या होत्या. आत तापमान शून्य अंशाच्या आसपास ठेवावे लागते आणि ते दिवसातून दोन वेळा तपासणे हे माझे काम होते. कागदपत्रांवर नाशिक जिल्ह्याचे नाव होते. ते वाचले आणि मनात विचार आला की, माझ्या गावच्या वेलीवरचे हे फळ आता समुद्र ओलांडून, कालव्यातून, सामुद्रधुनीतून थेट हॉलंडला जाईल. ज्या हातांनी ते तोडले, निवडले, पेटीत भरले, त्या हातांच्या घरातली मुले मात्र नाशिकच्या पुढे गेली असतील काय? आज मला जे सांगायचे आहे ते या एका प्रश्नातून निघालेले आहे.

प्रवास ही काही आपल्याला नवी गोष्ट नाही. १३२५ साली मोरोक्कोतील टँजिअर गावातून एकवीस वर्षांचा एक तरुण घराबाहेर पडला. त्याचे नाव इब्न बतूता. जवळजवळ एकोणतीस वर्षे तो फिरत राहिला. तो दिल्लीला आला, तेथे काझी झाला आणि पुढे दौलताबाद, नंदुरबार या मार्गाने खंबायतकडे गेला. म्हणजे आपल्या महाराष्ट्राची माती त्याच्या पायांना लागली आहे. दौलताबादेस द्राक्षे आणि डाळिंबे होतात व त्यांचे वर्षातून दोन बहर येतात, अशी नोंद त्याने केली. नंदुरबारच्या मराठी लोकांची कारागिरी, त्यांचे वैद्य, त्यांचे ज्योतिषी यांच्याविषयीही त्याने लिहिले. पाहा, या माणसाने राजवाडे पाहिलेच, पण लोक काय पिकवतात आणि त्यांच्या हातात कोणती कला आहे हेही पाहिले. प्रवास करावा तो असा.

मी स्वतः कोठेही उतरलो की तीन प्रश्न विचारीत असे. येथले लोक पिकवतात काय? पाणी आणतात कोठून? आणि मुलांना शिकवतात कसे? हे तीन प्रश्न बरोबर असले की लहानसे गावही पाहण्यासारखे होते, आणि ते नसले तर ताजमहालासमोर उभे राहूनही माणूस नुसता फोटो काढून परत येतो. आता आपण द्राक्षांच्या मागून निघू.

अरबी समुद्र आणि लाल समुद्र ओलांडला की पहिले स्थळ येते ते सुएझचा कालवा. दोन समुद्र जोडणारी ही वाट १७ नोव्हेंबर १८६९ रोजी खुली झाली. दहा वर्षे खोदकाम चालले होते. सुरुवातीच्या काळात इजिप्तच्या शेतकऱ्यांना सक्तीने कामावर आणले जाई आणि त्यांपैकी हजारो लोक कामावर मेले. आज कालव्याची लांबी सुमारे १९३ किलोमीटर आहे. दोन्ही समुद्रांच्या पातळीत फारसा फरक नसल्यामुळे येथे जहाज वर-खाली करणारे दरवाजे नाहीत. जहाजे एकामागून एक रांगेने, संथ गतीने जातात आणि पार व्हायला सुमारे बारा ते सोळा तास लागतात. उत्तरेकडे तोंड करून उभे राहिले की डाव्या हाताला नाईलच्या गोड्या पाण्यावर जगणारी हिरवी शेते दिसतात आणि उजव्या हाताला सिनाईचे वाळवंट. पाणी काय करू शकते हे समजण्यासाठी याहून चांगला धडा मी कोठे पाहिला नाही.

या कालव्याने मुंबई ते लंडन हे अंतर, आफ्रिकेला वळसा घालून सुमारे १९,८०० किलोमीटर होते, ते सुमारे ११,६०० किलोमीटरांवर आणले. २६ जुलै १९५६ रोजी नासर यांनी कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. १९६७ च्या युद्धात तो बंद पडला तो १९७५ पर्यंत. त्या काळात कित्येक देशांची जहाजे आठ वर्षे तेथेच अडकून पडली. मार्च २०२१ मध्ये ४०० मीटर लांबीचे 'एव्हर गिव्हन' हे जहाज आडवे रुतले आणि सहा दिवस जगाचा व्यापार खोळंबला. त्या जहाजावरचे पंचवीसही खलाशी भारतीय होते आणि जहाज निघाले होते रॉटरडॅमला, म्हणजे आपल्या द्राक्षांच्याच वाटेवर. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि अनेक कंपन्यांनी आपली जहाजे पुन्हा आफ्रिकेच्या वळशाने नेली. २०२४ च्या हंगामात द्राक्षांचा प्रवास लांबला, भाडे वाढले, हे येथल्या बागाईतदारांना मी सांगायला नको. विद्यार्थी मित्रांनो, भूगोल हा परीक्षेपुरता विषय नव्हे. सुएझमधली अडचण दिंडोरीच्या बांधापर्यंत येते.

दुसरे स्थळ कैरो. १९९८ साली माझी पोर्ट सैदला जहाजावरून सुटी झाली आणि परतीच्या विमानासाठी कैरोत तीन दिवस थांबावे लागले. पिरॅमिड सर्वांनाच ठाऊक आहेत. साडेचार हजार वर्षांपूर्वीचे ते दगडी डोंगर जरूर पाहावेत. त्यांच्या जवळच आता नवे विशाल संग्रहालय उभे राहिले आहे, तेही पाहावे. पण मी तुम्हांला दोन वेगळ्या जागा सांगतो. पहिली, नाईल नदीतील रोडा बेटावरचा मिक्यास. हे आहे नदीचे पाणी मोजण्याचे साधन. इसवी सन ८६१ मध्ये ते बांधले. जमिनीखाली खोल विहीर, पायऱ्या आणि मधोमध संगमरवरी खांब. त्या खांबावर मापाच्या खुणा. पूर किती चढला हे त्या खुणेवर पाहत आणि त्यावरून त्या वर्षी पीक कसे येईल व शेतसारा किती घ्यावा हे ठरत असे. साडेअकराशे वर्षांपूर्वी कारभारी माणसे अंदाजाने न चालता मोजून चालत होती.

दुसरी जागा अल-अझहर. इसवी सन ९७० मध्ये या मशिदीचे बांधकाम सुरू झाले आणि तिच्याभोवती विद्यापीठ वाढले. हजार वर्षे चाललेली विद्येची जागा म्हणून आपण तिचा अभिमान बाळगतो, ते योग्यच आहे. परंतु अभिमान बाळगताना पुढची ओळही वाचावी. १९६१ च्या कायद्याने या जुन्या विद्यापीठात वैद्यक, अभियांत्रिकी असे विषय आले आणि मुलींसाठी स्वतंत्र शाखा निघाली. मी गेलो तेव्हा पुस्तके छातीशी धरून विद्यार्थिनींचे घोळके बसची वाट पाहत उभे होते. जुनी संस्था जुनी राहून नवी होऊ शकते, हे मी त्या रस्त्यावर उभा राहून पाहिले.

येथून द्राक्षांची वाट पश्चिमेकडे जाते. आपण मात्र थोडे उत्तरेला वळू, कारण तिसरे स्थळ वाट वाकडी करून पाहावे असे आहे. ते म्हणजे इस्तंबूल. एक पाय युरोपात, एक पाय आशियात ठेवून उभे असलेले हे शहर. २००६ साली आमचे जहाज तेथे माल उतरवीत होते. आया सोफिया पाहावी. इसवी सन ५३७ मध्ये ती चर्च म्हणून पूर्ण झाली, १४५३ नंतर मशीद झाली, १९३४ च्या निर्णयाने संग्रहालय झाली आणि २०२० पासून पुन्हा मशीद आहे. मी पाहिली तेव्हा ती संग्रहालय होती. मग जमिनीखालचा पाण्याचा जुना हौद पाहावा. सहाव्या शतकातला, ३३६ खांबांचा. वेढा पडला तरी शहर तहानेने मरू नये म्हणून केलेली तजवीज.

आणि शिक्षणसंस्थेच्या माणसांनी तर सुलेमानिया पाहावीच. सिनान या थोर वास्तुशिल्पीने १५५७ मध्ये ती पुरी केली. केवळ मशीद पाहून परत फिरू नका. तिच्याभोवती काय आहे ते पाहा. मदरसे, वैद्यकशाळा, रुग्णालय, हमाम आणि गोरगरिबांना जेवण देणारे मोठे स्वयंपाकघर. बांधणाऱ्यांनी मशिदीबरोबर शाळा, दवाखाना आणि अन्न यांचा एकत्र विचार केला होता. आपल्या वस्त्यांत इमारतीसाठी वर्गणी गोळा होते तेव्हा हे चित्र डोळ्यांसमोर असावे, असे मला वाटते.

येथे बागाईतदारांसाठी एक गंमत. इस्तंबूलच्या बाजारात मी बेदाण्यांचे ढीग पाहिले. तुर्कस्तान हा बेदाणा निर्यात करणारा मोठा देश आहे. दुकानदार म्हणाला, ही सुलताना. पुढे मला कळले की, आपण ज्या द्राक्षाला थॉम्पसन सीडलेस म्हणतो तीच ही जात. नाव बदलले, देश बदलला, वेल एकच.

पुन्हा वाटेला लागू. भूमध्य समुद्राच्या पश्चिम टोकाला जिब्राल्टरची सामुद्रधुनी येते. सर्वांत अरुंद जागी ती जेमतेम चौदा किलोमीटर रुंद आहे. उत्तरेला युरोप, दक्षिणेला आफ्रिका, आणि त्याच आफ्रिकेच्या काठावर इब्न बतूताचे टँजिअर. जिब्राल्टर हे नाव 'जबल तारिक' म्हणजे तारिकचा डोंगर यावरून आले; ७११ साली तारिक बिन झियाद येथे उतरला होता. हा इतिहास मला ठाऊक होता, पण २०११ साली काडिझच्या गोदीत आमचे जहाज दुरुस्तीला लागले तेव्हा मी रेल्वेने कॉर्डोबाला गेलो आणि चौथे स्थळ पाहिले.

कॉर्डोबाची मशीद आठव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली आणि दोनशे वर्षे वाढत गेली. साडेआठशेहून अधिक खांब, त्यांवर लाल-पांढऱ्या कमानी. १२३६ साली शहर ख्रिस्ती राजाच्या ताब्यात गेले आणि सोळाव्या शतकात मशिदीच्या मधोमध मोठे चर्च उभारले. आज ती वास्तू कॅथेड्रल आहे. आपल्याकडे अंदलुसचा विषय निघाला की वक्ते हळहळतात. मीही तेथे क्षणभर हळहळलो. पण हळहळून परत यावे असे ते ठिकाण नव्हे. अंगणात या. तेथे संत्र्यांची झाडे आहेत आणि झाडाझाडापर्यंत दगडी पाट नेलेले आहेत. पाटाला स्पॅनिश लोक आजही 'असेकिया' म्हणतात. तो शब्द अरबी 'साकिया'वरून आलेला आहे. संत्र्याला ते 'नारान्हा' म्हणतात. तो तर आपला नारिंग, भारतातून फारसी-अरबीच्या हातांनी तेथे पोहोचलेला. कापसाला 'अल्गोदोन', म्हणजे अरबी 'अल-कुत्न'. राज्ये गेली, पाट राहिला, झाड राहिले, शब्द राहिला.

याच शहरात दहाव्या शतकात खलिफा दुसरा हकम याचे ग्रंथालय होते आणि त्याच्या दरबारात लुबना नावाची विदुषी लेखनाचे काम पाहत होती. व्याकरण, काव्य आणि गणित यांत ती निपुण होती, अशी नोंद इतिहासकारांनी केली आहे. हजार वर्षांपूर्वी ज्या स्त्रीच्या हाती दरबाराची लेखणी होती तिचे नाव आमच्या मुलींना ठाऊक असावे.

आता पाचवे आणि द्राक्षांच्या वाटेवरचे शेवटचे स्थळ, रॉटरडॅम. युरोपातील सर्वांत मोठे बंदर. मी येथे किती वेळा गेलो याची गणती नाही. हे शहर जुने आहे, पण जुने दिसत नाही, कारण १४ मे १९४० रोजी बाँबहल्ल्यात त्याचा मध्यभाग बेचिराख झाला. बंदराजवळ शिल्पकार झाडकिनचा एक पुतळा आहे. आभाळाकडे हात केलेला माणूस आणि त्याच्या छातीच्या जागी पोकळी. शहराचे काळीज गेले, असा त्याचा अर्थ. त्यानंतर लोकांनी शहर नव्याने वसवले. तेथल्या एका दुकानात मी भारतीय द्राक्षांचा डबा पाहिला, तेव्हा परक्या गावात नात्यातले माणूस भेटावे तसे झाले.

हॉलंडचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे. आपल्याकडे पाणी नाही म्हणून माणूस रडतो, तिकडे पाणी फार म्हणून. रॉटरडॅमच्या मुखाशी वादळाचे पाणी अडवण्यासाठी १९९७ साली बसवलेली दोन प्रचंड पोलादी दारे आहेत. पण मला त्या दारांहून अधिक आवडली ती तेथली पाणी मंडळे. तेराव्या शतकापासून चालत आलेली ही मंडळे लोक निवडून देतात, आणि बांध, कालवे, पंप यांचा कारभार ती पाहतात. राजे बदलले तरी पाण्याचा कारभार थांबला नाही. आणि मुले? घराजवळ कालवा असणारच, म्हणून लहानपणीच रीतसर पोहायला शिकवतात आणि त्याचे प्रमाणपत्र देतात. मुलाला पाण्याची भीती घालण्याऐवजी पोहणे शिकवतात.

या शहराचे महापौर २००९ पासून २०२४ पर्यंत अहमद अबूतालेब नावाचे गृहस्थ होते. मोरोक्कोतील एका खेड्यात, इमामाच्या घरात त्यांचा जन्म झाला. पंधराव्या वर्षी आईबरोबर ते हॉलंडला आले, परकी भाषा शिकले, शिकत शिकत पुढे गेले. पालकांनी हे नाव लक्षात ठेवावे.

मंडळी, मी सुटीवर घरी आलो की हॉलंडच्या पाणी मंडळांचे कौतुक सांगत असे. एकदा आमच्या शेजारचे एक वयोवृद्ध शेतकरी म्हणाले, "अरे बाबा, हे पाहायला एवढ्या लांब कशाला गेलास? वाघाडला जाऊन ये." मी गेलो. वाघाड धरण आपल्याच तालुक्यात. कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोहोचत नव्हते, तेव्हा नव्वदच्या दशकात तेथील शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था काढल्या, पाणी मोजून घ्यायला आणि मोजून वाटायला सुरुवात केली, आणि पुढे अशा संस्थांनी एकत्र येऊन प्रकल्पाचा कारभार हाती घेतला. देशभरातून लोक ते पाहायला येतात. म्हणून माझ्या यादीतले सहावे स्थळ वाघाड. जग पाहण्याचा हाही एक फायदा आहे की, परत आल्यावर स्वतःचे गाव दिसू लागते.

सातवे स्थळ नाशिकची पांडवलेणी. दोन हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख तेथे आहेत. सतरा क्रमांकाचे लेणे उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने कोरविले, असे तेथल्या लेखात लिहिले आहे. म्हणजे परदेशचा माणूस आपल्या डोंगरापर्यंत आला आणि येथे काही करून गेला. आपल्या शाळेपासून हे ठिकाण एका दिवसात, डबा बांधून, पाहून येता येते.

आता घरची एक गोष्ट सांगतो. माझी आपा माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. भूगोलात ती शाळेत पहिली येत असे. नकाशा वाचायला मला तिनेच शिकवले. ती सातवीत असताना शाळेची सहल मुंबईला निघाली. अब्बांनी तिला पाठवले नाही. अब्बा कठोर नव्हते. पोरीची जात, रात्रीचा मुक्काम, लोक काय म्हणतील, एवढीच काळजी. पाच वर्षांनी तीच सहल पुन्हा निघाली आणि मी गेलो. गेटवेपाशी मी आयुष्यात प्रथम समुद्र पाहिला आणि लांबवर उभी जहाजे पाहिली. मी पुढे जहाजावर गेलो त्याचे मूळ त्या एका दिवसात आहे. मी प्रत्येक बंदरातून आपाला पत्र टाकीत असे आणि ती जुन्या नकाशावर पेन्सिलीने खूण करीत असे. सुटीवर आलो की इतर मंडळी अत्तर, घड्याळ, साबण मागत, आपा विचारी, "सुएझमध्ये दोन्ही काठ एकदम दिसतात का रे? पाणी खारट असते का?" निवृत्त झाल्यावर मी तिला म्हटले, आता चल, निदान कैरोपर्यंत जाऊ. ती हसली आणि म्हणाली, "आता गुडघे नाही म्हणतात." त्या नकाशावर माझ्या प्रवासाच्या चाळीसहून अधिक खुणा आहेत. आपाच्या स्वतःच्या प्रवासाची एकही नाही.

पालकांनो, मुलींनी प्रवास करणे ही आजची फॅशन आहे, असे कोणी म्हणेल तर त्यांना अतिया फैजी यांचे नाव सांगा. १९०६ साली त्या शिष्यवृत्तीवर लंडनला अध्यापनाचे शिक्षण घेण्यासाठी गेल्या आणि तेथील रोजनिशी त्यांनी उर्दूत प्रसिद्ध केली. त्यांच्या भगिनी नाझली बेगम या आपल्याच कोकणातल्या जंजिऱ्याच्या बेगम. १९०८ साली त्यांनी युरोपचा प्रवास केला आणि त्याचे वर्णन उर्दूत लिहिले. त्या काळात बोटीने जायला आठवडे लागत, आणि घरी पत्र पोहोचायलाही तितकेच. आज मुलगी नाशिकच्या पुढे गेली तर तासातासाला फोन करते. मग आपली काळजी शंभर वर्षांपूर्वीच्या पालकांहून अधिक का असावी?

काळजी करू नये, असे मी म्हणत नाही. काळजीचा बंदोबस्त करावा. सहलीबरोबर शिक्षिका असाव्यात, एक-दोन माता असाव्यात, मुक्कामाची जागा आधी पाहिलेली असावी, फोन नंबरांची यादी प्रत्येक घरी असावी. हॉलंडच्या लोकांनी पाण्याच्या भीतीवर जो इलाज केला तोच हा.

काही व्यवहाराच्या गोष्टी सांगून मी थांबतो. परदेश प्रवासाला पैसा लागतो आणि तो आपल्यापैकी बहुतेकांजवळ नाही, हे मला ठाऊक आहे. हज आणि उमरा हे इबादतीचे प्रवास. त्यांची गणना मी या यादीत केलेली नाही. पण नोकरीच्या निमित्ताने जग पाहण्याची वाट उघडी आहे. जहाजाची नोकरी ही त्यांतली एक, आणि आज तिच्यात मुलीही आहेत. दहावी-बारावीला गणित, विज्ञान आणि इंग्रजी पक्के करा; डोळ्यांची तपासणी आधीच करून घ्या, कारण रंग नीट ओळखता आले नाहीत तर कितीतरी कामे मिळत नाहीत. शिक्षणासाठी इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटी आणि सरकारमान्य संस्था आहेत. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटाच्या हाती घरचे दागिने मोडून पैसे देऊ नका. त्याच्याकडे सरकारच्या नौकानयन खात्याचा परवाना आहे की नाही हे खात्याच्या संकेतस्थळावर पाहता येते. शाळेचा दाखला, आधार कार्ड आणि जन्मदाखला यांवर नाव व जन्मतारीख एकसारखी आहे का, हे आज घरी गेल्यावर तपासा. एका अक्षराच्या फरकामुळे पासपोर्ट अडलेली मुले मी पाहिली आहेत. पासपोर्ट सेवा केंद्र नाशिकला आहे. मुंबईला खेपा घालण्याचे कारण नाही.

विद्यार्थ्यांना माझी एक सूचना. एक वही करा. पहिल्या पानावर ते तीन प्रश्न लिहा : पिकवतात काय, पाणी कोठून, शिकवतात कसे. सुरुवात दिंडोरीपासून करा. मग वाघाड, मग पांडवलेणी, मग दौलताबाद. वही भरत गेली की कैरो आणि कॉर्डोबा आपोआप जवळ येतील.

आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती. शाळेच्या भिंतीवर जगाचा एक मोठा नकाशा लावावा, आणि त्यावर दिंडोरीपासून रॉटरडॅमपर्यंत द्राक्षांची वाट रंगाने काढावी. पुढील वर्षी शाळेची सहल काढावी, आणि तिच्या यादीत जितकी मुलांची नावे तितकीच मुलींची असावीत. ज्या मुलींच्या घरची परिस्थिती नाही अशा दहा मुलींचा सहलीचा खर्च मी देईन. फक्त त्यांच्या वडिलांची संमती मिळवण्याचे काम गुरुजनांनी करावे. ते काम पैशाहून अवघड आहे, याची मला कल्पना आहे.

पारितोषिके मिळवणाऱ्या सर्व विद्यार्थ्यांचे, आणि विशेषतः भूगोलात पहिल्या आलेल्या मुलीचे, मनःपूर्वक अभिनंदन करतो आणि आपली रजा घेतो. खुदा हाफिज.